काना

फाइलीत नाव पडलंय डांबर.
कारकून म्हणाला, बाप रस्त्याच्याच कामावर होता ना,
मग बरोबरच आहे.

येरवड्याच्या बालगृहातून आणलेला पोरगा
बाकाच्या कडेला,
चपला हातात धरून.
समितीने विचारलं, मूळ गाव?
तो म्हणाला, वाघोली.
मग हळूच, पहाड.
मग नुसताच पंख्याकडे बघत राहिला.

माझ्याकडे कलमं होती, दोन निवाडे,
नेपाळातल्या आत्याचा
तीनदा तुटलेला फोन.
ते सगळं बाजूला सारून उभी राहिले:
मॅडम, आधी एक काना खोडायचाय.
डंबर.
आजोबांनी ठेवलेलं नाव आहे.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.
त्याने एक चप्पल खाली ठेवली.
दुसरी नाही.

पुढची तारीख एकवीस.