उजवी बाजू

टाकोराडीच्या बाजारामागे मावशीचं कोल्ड स्टोअर:
तीन फ्रीझर, एक काटा, दाराला निळा पडदा,
आणि खोक्यांत गोठलेले बांगडे.

संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं समीकरण
तिला सांगायचं म्हणून
मी वहीच्या मधोमध उभी रेघ ओढली.
"डावीकडे, काय आहे.
उजवीकडे, ते कुणाचं आहे."

अराबा मावशी हसली.
"कुणाचं म्हणजे? माझंच की."

फ्रीझर अठरा हजार सेडी. मासळी बारा. गल्ल्यात दोन.
डावी बाजू बत्तीस हजार.
मग उजवीकडे: बँकेचे पंधरा,
टेमाच्या घाऊकवाल्याचे पाच.
उरले बारा, ते तुझे. त्याला भांडवल म्हणतात.
(ते बारा म्हणजे तिच्या लग्नातली कापडं, एकही न नेसता विकलेली,
कानातलं सोनं,
आणि सहा वर्षं न खर्चलेला नफा.)

"पण मला देण्यांच्या बाजूला का बसवतेस?
बँकेच्या मांडीला मांडी लावून?"
"कारण दुकान तुझंही देणं लागतं, मावशी.
फक्त सगळ्यांचं भागल्यावर."
"म्हणजे वाढणारीसारखं," ती म्हणाली.
"उरेल ते."

ऑगस्टात वीज गेली.
पहिल्या दिवशी आम्ही झाकणं उघडली नाहीत.
दुसऱ्या दिवशी झाकणांवर गोणपाट टाकलं.
तिसऱ्या रात्री दोन नंबरच्या फ्रीझरखालून
गुलाबी पाणी दारापर्यंत आलं.

मान्सा आली, अजोआ आली, थोरली बादुआ
सुनेला घेऊन आली.
मातीच्या भट्ट्या पेटवून चौघींनी
जेवढं धुरात वाचेल तेवढं रात्रभर वाचवलं.
बाकीचं पहाटे हातगाडीने खड्ड्यात.

वीज आल्यावर वही उघडली.
मासळी: बारा खोडून तीन.
डावी बाजू तेवीस.

"बँकेला कळलं का, मासे नासले?"
बँकेचे पंधरा पंधराच राहतात, मावशी.
टेमाचे पाच पाचच. ते नासत नाहीत.
"मग नऊ हजार कुणाचे गेले?"

मी बोललेच नाही. बोट ठेवलं.
बारा खोडले. तीन लिहिले.

वर्गात दोन्ही बाजू जुळल्या की
मास्तर लाल पेनाने बरोबरची खूण करायचे.
इथेही जुळल्या होत्या.
तेवीस बरोबर वीस अधिक तीन.
मला ती खूण करवेना.

मावशीने वही स्वतःकडे ओढली.
तिला अक्षरं जेमतेम येतात, आकडे पक्के.
"बायकांची मजुरी कुठाय?"
"त्यांनी घेतली नाही. पैसे पुढे केले तर बादुआने
हातच मागे घेतला."
"घेतली नाही म्हणजे फिटली का?
डावीकडचे तीन हजार त्यांनी वाचवले.
ते कुणाचं आहे, हे तूच विचारतेस ना?"

मी म्हटलं, देणं लिहिलं तर तुझ्या वाट्यातून जाईल.
दुसरीकडून कुठून येणार?

"माहीत आहे," ती म्हणाली.
"मान्सा शंभर. अजोआ शंभर.
बादुआ शंभर, तिच्या सुनेलाही शंभर, ती पोटुशी होती."

बँक पंधरा. टेमा पाच. बायका चारशे.
अराबा मावशी, दोन हजार सहाशे.

बेरीज तिने दोनदा केली,
एकदा वरून खाली, एकदा खालून वर.
मग पेन्सिल कानामागे खोचून
दोन नंबरचा फ्रीझर
आतून पुसायला गेली.