एक थेंब जास्त

पागधरेला बाहेर काढायला नको होतं.
हे मी आधी कूपरेजच्या भिंतीला सांगितलं,
मग फाटकावरच्या वॉचमनला,
मग रीगलजवळच्या सिग्नलला. तो लाल होता,
ऐकून घेऊन लालच राहिला.

एक-शून्यनं पुढे होतो.
डावीकडून पागधरे असा सुटायचा
की त्यांचा तो ताडमाड बॅक
दोनदा स्वतःच्याच पायांत अडकून पडला.
सत्तराव्या मिनिटाला मिरांडा सरांना वाटलं, पोरगं दमलं.
दमलं?
पहाटे तीनला धक्क्यावर बर्फाच्या लाद्या ओढून
मग कॉलेजला येणारं पोरगं ते.
त्याला बाकावर बसवलं, आणि पाच मिनिटांत एक-एक.

मी केमिस्ट्रीच्या लॅबमधला धुरी.
बावीस वर्षं ब्युरेटा धुतोय,
बावीस वर्षं ही मरून जर्सी बघतोय.
चार फायनल. चारही तशाच.
हेड बाई एकदा हसून म्हणाल्या,
धुरी, तुम्हाला ऑफसाइड कळतो का हो?
कळतो ना, बाई.
माझी बढतीची फाइल अकरा वर्षं तिथेच तर उभी आहे.

दर जूनमध्ये नव्या पोरांना सांगतो:
शेवटाला घाई नको. तोटी हलक्या हातानं.
एक थेंब जास्त पडला की फ्लास्क भडक गुलाबी,
मग तो थेंब नळीत परत घालणारा
अजून जन्मलेला नाही.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.
साधा बॉल. कंटाळून टाकल्यासारखा.
रेमंडच्या हातात आला,
ग्लोव्हजमधून निसटला, गुडघ्याला लागला,
आणि इतक्या सावकाश रेषेपलीकडे गेला
की बसल्या जागी मी तो दोनदा अडवला.

आणि मग मी ओरडलो.
हात आहेत की सुपं!
अख्खं स्टँड गप्प होतं नेमकं तेव्हा.

पुढच्या रांगेतली बाई वळली.
वसईहून आली होती, मोसंब्यांच्या फोडींचा डबा घेऊन,
सगळ्या टीमला पुरेल एवढा.
हाफ टाइमला मलाही दिल्या होत्या दोन.
घ्या ना, म्हणाली होती, गोड निघालीत;
गोलकीपर माझाच.
तोंडात तीच चव होती अजून.
ती काही बोलली नाही.
डब्याचं झाकण लावलं,
एका बाजूनं बसेना, म्हणून परत काढून लावलं.

बस आली, मी चढलो नाही. चालत निघालो.
ओव्हलच्या कडेला फोन वाजला.
जिंकलात का? बायकोनं विचारलं,
जसा मीच उतरलो होतो स्टड घालून.
हरलो, म्हटलं.
ती म्हणाली, बरं, येताना दही आणा.

पण तो शब्द दह्याच्या दुकानापर्यंत सोबत आला.
हरलो.
एक-शून्य होतं तेव्हा मी म्हणत होतो, आपण.
एक-एक झालं तेव्हा, आमची टीम.
आणि त्या सावकाश बॉलनंतर
मी शेजारच्याला काय म्हणालो?
ही पोरं. ह्या पोरांना काही पडलेलीच नाही.
दोन तासांत मी
आपणपासून ह्या पोरांपर्यंत गेलो,
न दमता, कुणी बदली न करता.

सोमवारी बॅच बी. रेमंड घोन्साल्विस, रोल नंबर एकतीस.
येईल की नाही, माहीत नाही.
आमच्याकडे वीस ब्युरेटा, सगळ्यांच्या तोट्या गळतात,
फक्त सात नंबरची गळत नाही.
एरवी ती मी कपाटात ठेवतो, परीक्षेच्या बाहेरच्या सरांसाठी.
सोमवारी धुऊन त्याच्या टेबलावर ठेवीन.
बोलणार काही नाही. काय बोलू?
बोललो तेवढं पुरे झालं.

दही आंबट निघालं.
बायको म्हणते, चेहरा बघा आपला, मुलगा नापास झाल्यासारखा.
दिवा मालवला तिनं.
अंधारात छताकडे बघत
मी परत सत्तराव्या मिनिटावर जातो,
बोर्ड वर जातो, अकरा नंबर,
पोरगं चालत बाहेर येतं, बाटली घेतं, पाणी डोक्यावर ओततं.
नाही हो, मिरांडा सर,
दमलं नव्हतं ते.