पायी येणाऱ्याला तिकीट नाही

माझं काम टॉर्च दाखवायचं.
चार मिनिटांनी एकदा, पाच झाली की दोनदा,
मागच्या भिंतीजवळून, थेट बोलणाऱ्याच्या डोळ्यांत.
सांतिनेजच्या त्या बारमध्ये बुधवारी
विनोद करायला येणारे सगळे
या टॉर्चला घाबरतात,
एक सगुण च्यारी सोडून.

तो टॉर्चला हात करतो,
पलीकडून बोट येतेय असं समजून.

खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं,
खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत एक वही.
स्टेजवर तो फटी गांवकर,
तिकीटमास्तर, रायबंदर–चोडण.
आधी माइक खाली करतो. फारच खाली जातो.
वर करतो. फारच वर.
यात दीड मिनिट संपतं.

"पायी येणाऱ्याला तिकीट नाही,"
फटी सांगतो.
"म्हणून त्यांच्याकडे मी नुसता बघायचो."

आणि बघतो.
पुढच्या टेबलावरच्या पुण्याच्या चौघांकडे,
एकेकाकडे, सावकाश,
इतका की त्यातली एक बाई पर्स उघडते.

कोणी हसत नाही.
आंतोन काउंटरमागे खोकतो.
एसीचं पाणी बादलीत पडतं,
त्याचं टायमिंग चांगलं असतं.

"अरे, जोक सांग!" कोणीतरी ओरडतं.
फटी वही काढतो. "तक्रार," पुटपुटतो.
"नाव? गाडीचा नंबर?"
आणि तो माणूस, देवा शपथ,
गाडीचा नंबर देतो.

एरवी सगुण पर्वरीला नंबरप्लेटी रंगवतो.
त्याच्या नकला ऐकताना
लग्नातली माणसं हातातला घास विसरतात,
मी पाहिलंय, माझ्याच बहिणीच्या लग्नात.
खाली स्कूटरपाशी एकदा विचारलं त्याला,
मग इथेच का असं? शेवटी एक तरी
हशा घ्यावा माणसाने.
किक मारत म्हणाला,
"फटीला येत नाही ना."

मग तो बुधवार.
फटी वेळापत्रक वाचत होता,
सकाळच्या फेऱ्या संपून संध्याकाळच्या लागल्या होत्या,
दोन टेबलं उठून गेली होती,
आणि कोपऱ्यातून आवाज आला,
"साडेसाची न्हय रे. स चाळीसाची."

कायतान. सत्तरीपुढचा, फेणीचा ग्लास निम्मा.
नदी परिवहन खात्यातून निवृत्त झालेला
खराखुरा खलाशी.

फटीने पान मागे उलटलं.
पेन्सिल थुंकीने ओली केली. खोडलं. लिहिलं.
"मग साडेसहाला येऊन उभे राहिले, ते?"
"रावले थंयच," कायतान म्हणाला.
"सगळे?"
"एक बोकडय आशिल्लो."

पुढे ते दोघं दोरखंडाबद्दल बोलले.
भरतीला फळी किती उचलावी लागते त्याबद्दल.
कुठल्याशा मेकॅनिकच्या पाठदुखीबद्दल.
बोकडाचं काय झालं, ते काही निघालं नाही.
कोण सोंग करतंय आणि कोण नाही
हे मला समजेना,
टॉर्च हातात, अंगठा बटणावर,
आणि अकरा मिनिटं झाली होती.
शेवटी रायननेच वर येऊन
एकट्याने टाळ्या वाजवल्या.

जिना उतरताना मी कायतानला धरलं.
कसं वाटलं, विचारलं.
तो कठड्याला टेकून विचार करत राहिला.
"आमच्या धक्क्यार असोच एक आशिल्लो.
तोय कोणाक आवडनाशिल्लो."

सगुण मागेच होता. त्याने वही काढली.

रविवारी मला चोडणला काही काम नव्हतं.
तरी गेले. पायी चढले बोटीवर,
तिकीटवाल्याच्या अगदी समोर उभी राहिले.
त्याने माझ्यामागच्या जीपचे पैसे घेतले, सुटे दिले,
आणि पुढे गेला.
बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगते, राग आला.