सुगलाबाईंची बैठक

सुगलाबाई स्टुलावर बसतात
गणपती पेठेतल्या माझ्या माडीवर,
उत्तरेच्या खिडकीपाशी.
साडेनऊ ते साडेअकरा, तेवढाच वेळ.
मग समोरच्या दुकानाच्या चुन्याच्या भिंतीवरून
ऊन उलटून आत येतं
आणि त्यांच्या गालाचं सगळं गणित चुकतं.

बत्तीस वर्षं हळदीच्या वखारीत निवडायला होत्या.
हळकुंड, गड्डा, कणी :
न बघता बोटांनी वेगळं करतात अजून.
"फोटू काढला असतास तर मिंटात सुटले असते मी,"
म्हणतात, आणि मान छातीवर टाकून झोपतात.
मी झोप रंगवत नाही.
जवसाच्या तेलात ब्रश बुडवून
थांबते.

कातडीला स्वतःचा रंग नसतो
हे मला फार उशिरा कळलं.
कपाळावर खिडकीतलं आभाळ,
हनुवटीखाली लुगड्याचा हिरवा चढलेला,
कानाच्या पाळीतून पलीकडचा उजेड तांबडा होऊन येतो.
हे सगळं जमलं, बऱ्यापैकी.
नखांच्या कडेचा पिवळा जमला नाही.
कॅडमियम लावलं तर झेंडू होतो,
ऑकर लावलं तर माती.

मी बोटांकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.
"नवरा गेला, कुंकू गेलं.
हळद काय जाईना बग."
आणि हसल्या, तोंड भरून, दातांच्या फटींसकट.
तीन बैठकांचं मिटलेलं तोंड
मी चाकूनं खरवडून टाकलं.

मधे आठवडाभर त्या आल्या नाहीत,
लेकीकडे तासगावला होत्या.
मॉडेल नाही म्हणून मी आरसा टांगला
आणि स्वतःला धरलं.
आरशात मी डावखुरी.
भुवया आवळलेल्या, डोळे टोचरे,
कारण बघणारीही मीच होते
आणि बघून घेईन म्हणणारीही मीच.

त्या परत आल्या, कॅनव्हाससमोर उभ्या राहिल्या.
"ही कोण? भांडाय उठलीया जणू."
मी म्हटलं, मी आहे.
"आसं व्हय," म्हणाल्या,
आणि पुढं काही बोलल्या नाहीत,
तेच जास्त लागलं.

भिंतीचा खिळा तेवढ्यात निसटला.
आरसा वाचला, पोपडा पडला.
"आण हिकडं, मी धरते,"
म्हणून त्या स्टुलावर बसल्या,
आरसा मांडीवर उभा,
वरून डोकावणारा अंबाडा.
माझा चेहरा त्यांच्या श्वासाबरोबर
खालीवर व्हायला लागला.
म्हटलं, हलू नका.
"मी कुटं? तूच हलतीयास."

चेहरा दोनदा खरवडला त्यानंतर.
टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसताना
एकदा बरा दिसला होता, म्हणून पुसणं थांबवलं,
तर दुपारपर्यंत ओघळून तोही गेला.

आरशाच्या खालच्या कडेवर मात्र
त्यांची चार बोटं आली आहेत, काच घट्ट धरलेली.
एकाच बैठकीत झाली, हात न लावता ठेवली आहेत.
तो पिवळा कशात काय मिसळून आला
सांगता येणार नाही,
पॅलेट धुऊन टाकली होती मी सवयीनं.