मंगळवार, ग्रिम्सबी

सहाला चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
किटली ओरडते आणि वर्ग सुरू होतो.
कोटांना माशांचा वास, साबणाला न जुमानणारा.
या गावात त्याला कुणी वास म्हणत नाही.

शिरझाद चिडलाय.
फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता,
तो शुक्रवारपर्यंत जपून बसला.
'बाय' आणि 'अन्टिल': एवढ्याशा फटीत
त्याची घरभाड्याची मदत पडली.

हलिना विचारते, बसमधून 'गेट ऑफ',
मग मोटारीतून 'गेट आउट' का?
ज्यात उभं राहता येतं त्यातून 'ऑफ', मी सांगते,
ज्यात वाकावं लागतं त्यातून 'आउट'.
ती लिहून घेते. मग हळूच:
"आणि नवऱ्यातून?"
"गेट ओव्हर," मी म्हणाले,
आणि बायका टेबलं बडवत हसल्या.
सोळा वर्षं शिकवतेय. स्वतःला जमलेलं नाही.

फळ्यावर 'फ्यू', त्याखाली 'अ फ्यू'.
'अ' नसला तर मित्र असून नसल्यासारखे,
'अ' आला की निदान चहाला बोलावण्यापुरते.
तांदळाच्या कणीएवढा 'अ'.

तेस्फालेम मागे बसतो. बोटांना चिकटपट्ट्या,
दिवसभर हॅडॉकचे काटे काढून.
गृहपाठ: माझं कुटुंब, पाच वाक्यं.
आई 'इन' अस्मारा. बरोबर.
बहीण नर्स आहे. बरोबर.
चौथं: माझा भाऊ 'इन द सी' आहे.

तांबडी पेन्सिल सवयीनं चालली.
'इन' खोडलं, 'द' उडवला, वर 'ॲट' लिहिलं,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलंही:
माणूस बोटीवर कामाला गेला की 'ॲट सी'.
एके काळी इथले निम्मे पुरुष 'ॲट सी' असायचे.
माझा क्लिफर्डसुद्धा.

तो उठला, वही घेऊन जवळ आला.
"मिस, बोटीवर नाही.
बोट होती. एकशे दहा माणसं. अ फ्यू वाचली."
थांबला. बोटांवर मोजलं.
"नाही. फ्यू."

तांबडी पेन्सिल रबरानं जात नाही,
गुलाबी डाग राहतो.
त्या डागावर मी त्याचं 'इन द सी' पुन्हा लिहिलं.
अक्षर माझं, जरा वाकडं.
कपबशा कुणी विसळल्या, आठवत नाही.

रात्री खणातून कंपनीचं पत्र काढलं.
'लॉस्ट ॲट सी.'
व्याकरणात खोट नाही.
म्हणूनच का इतके जानेवारी
तो मला समुद्रावरच दिसत राहिला,
ओला कोट, दोरखंड, उशीर झालेला माणूस,
समुद्रात कधीच नाही?

पेन्सिल पर्समध्येच होती.
काढली नाही.

हॉलची किल्ली उद्या दुपारपर्यंत परत करायची आहे.
'बाय'. 'अन्टिल' नव्हे.