बंदी उठायला चार दिवस

बंदी उठायला चार दिवस उरले तेव्हा
लवू तांडेल भरड नाक्यावरच्या माझ्या दुकानात आला,
डालड्याच्या जुन्या डब्यात बावीस सीड्या घेऊन.
"ह्ये सगळे खेळ मोबायलात घाल.
भायर धा-धा दिस रेंज नसता."

सीड्यांवरून मालवणचे वीस पावसाळे गेलेले.
काहींच्या कडेला बुरशीनं काढलेली
खाडीच्या नकाशासारखी नक्षी.
स्पिरिटनं पुसल्या, मधून कडेकडे,
गोल नाही, सरळ.
जुन्या लॅपटॉपचा ड्राईव्ह रात्रभर कण्हत होता.
सतरा निघाल्या. पाच गेल्या.

एका खेळाच्या दोन फाईली निघतात.
एक सहाशे एमबीची, तिच्यात सगळा खेळ,
आणि एक चिमूटभर,
तिच्यात थोरलीचं नाव आणि कुठून काय सुरू होतं ते.
थोरलीचं नाव बदललं
आणि धाकटीत दुरुस्त केलं नाही, तर दोघी
एकाच फोल्डरात शेजारी राहून
एकमेकींना ओळखत नाहीत.
मी हे लवूला समजावून सांगत होतो.
तो बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला,
"म्हायत हा."

मग दाबून सगळं निम्म्यावर आणलं,
बांगडे सुकवतात तसं: पाणी जातं, चव राहते.
मशीनचा जीव म्हणून एक छोटी फाईल असते,
ती जागच्या जागी ठेवली, नाहीतर पडदा नुसता काळा.
नवं कार्ड फोनात सरकवलं.
फोननं विचारलं: फॉरमॅट करू? सगळं पुसलं जाईल.
पुसायला त्यात काही नव्हतंच,
तरी बोट क्षणभर थांबलं.

डब्याच्या तळाला गळांच्या पुडीखाली
करड्या रंगाचं मेमरी कार्ड होतं.
एकशे अठ्ठावीस केबी.
लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा मावायचा नाही त्यात.
ते वाचायला अॅडॉप्टर कोल्हापूरहून मागवला, माझ्या पैशानं.
आत फुटबॉल. एक सीझन, सात सामने खेळलेले.
परदेशी नावं खोडून
कुणीतरी एकेक अक्षर निवडत, बटणं दाबत
दांडीवरचे अकरा जण भरलेले:
कुबल, सारंग, दोन पराडकर,
डाव्या बाजूला इनास,
तो आता मस्कतला एसी दुरुस्त करतो,
पुढे लवू, दहा नंबर.
गोलात अंकुश.

अंकुश म्हणजे लवूचा सख्खा भाऊ.
होडीच्या वाटणीपासून
दोघं जेटीवर एकमेकांना वळसा घालून जातात.

लवूला दाखवलं. खुर्चीवर नीट बसला.
अकरा नावं बोटानं खालपर्यंत नेली,
एका गोलरक्षकाच्या उंचीवर हसला:
"सा फूट केल्यान मेल्यान. आसा पाच-चार."
मग फोन खिशात टाकला,
प्लास्टिकच्या पिशवीला दोन गाठी मारल्या.
दारातून परत वळला.
"दुसरां एक कार्ड कर. असांच्या असां."
"कोणासाठी?"
"ठेव तुज्याकडे."

एकतीसच्या रात्री बर्फाच्या गाड्या आल्या.
लवूचा ट्रॉलर बाहेर गेला,
रेंजच्या पलीकडे.

नवव्या दिवशी अंकुश आला.
स्क्रीनगार्ड फुटला होता. ऐंशी रुपये सांगितले,
त्यानं साठ म्हटले.
मी ड्रॉवर उघडला.
स्क्रीनगार्ड काढला, लावला, बुडबुडे दाबून काढले.
तो सुट्टे मोजत होता
आणि ड्रॉवर अजून उघडाच होता.