चौकट सत्ती

सोमवार ते शुक्रवार क्लाइव्ह ऑलरनशॉ
ग्रिम्सबीत घरोघरी गॅसचे मीटर वाचतो.
जिन्याखाली वाकलेला असताना
एखादी बाई ओळखतेच :
"तुम्हीच ना ते, अंडंवाले?
मग हा आकडा करा की गायब."
तो हसतो. आकडा लिहून घेतो.

शनिवारी गोदी-कामगारांच्या क्लबात
बिंगोच्या दोन डावांमध्ये वीस मिनिटं,
चाळीस पौंड आणि एक प्लेट मासा-चिप्स.
त्याची जादू फसते, हीच त्याची जादू.
बाहीतून रुमालाऐवजी मोजा,
टोपीतून सशाची रजेची चिठ्ठी,
आणि अंडं नेमकं
त्याच्याच कोटाच्या खिशात.
इतकं बिनचूक फसायला
एकवीस वर्षं घासलीत त्यानं बोटं.

परवा मात्र घात झाला.
पुढच्या टेबलावरच्या एनिडनं पत्ता ओढला,
ह्यानं ठरल्याप्रमाणे भलताच काढून दाखवला.
चौकट सत्ती.

तिचा तोच होता.

कुणी हसेना.
एनिड बघत राहिली,
जणू तिच्या पर्समध्ये हात घालताना
पकडला होता त्याला.
"माफ करा," तो म्हणाला,
"परत नाही होणार असं."
तेव्हा कुठे छत हादरलं.

रात्री पार्किंगमध्ये, इंजिन बंद,
मागच्या सीटवर पिंजरा
(कबुतर कधी नव्हतंच).
तो गड्डी पिसतो,
मनात म्हणतो चौकट सत्ती,
ओढतो.

किलवर दुर्री.

हुश्श.
चावी फिरवतो. घरी जाऊन
कोट भिजत घालायचाय आधी,
अंडं वाळलं की निघत नाही.